शेठचा हात

"जरा थांबा, हात वर करतोय," पडदे शिवणाऱ्या बाईंनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना थोपवलं. "नमस्कार करतोय तुम्हाला. ओळख झाल्याशिवाय अंगाला हात लावू देत नाहीत आमचे शेठ."

टेबलावर, पडद्याच्या तुकड्यात गुंडाळलेला हिरवा इग्वाना, हातभर लांबीचा सरडा, पडला होता. त्याचा पुढचा पाय थरथरत वर आला, हवेत हलला आणि कापडावर गळून पडला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या खालच्या जबड्याला बोट लावलं. जबडा ओल्या पुठ्ठ्यासारखा दबला.



"खायला काय देता?"

"दूध-पाव. कधी उकडलेलं अंडं. अंगी लागावं म्हणून."

"आणि ऊन?"

"ऊन कशाला? एकदासुद्धा लागू दिलं नाही हो! खिडकीला दुहेरी अस्तराचा पडदा लावलाय."

हे त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला.

बाईंचा नवरा गेल्यावर मुलगा माणसांशी बोलायचाच बंद झाला होता. मग एका दुकानातून त्यानं हे बोटभर पिल्लू आणलं. दुकानदार म्हणाला होता, "याला काही लागत नाही, घरात जे असेल ते टाका." मुलगा त्याला 'शेठ' म्हणायला लागला. आधी शेठशी बोलला, मग हळूहळू आईशी. जहाजावर नोकरी लागली तेव्हा दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "आई, शेठला काही होऊ देऊ नकोस."

बाई मुळात भित्र्या. साध्या पालीला पाहून स्टुलावर चढणाऱ्या. सुरुवातीला त्या कापड मोजायच्या लाकडी पट्टीनं बशी पुढे सरकवायच्या. मग एका सकाळी शेठनं हात हलवला. मुलाला फोनवर सांगितलं तर तो खळखळून हसला. कितीतरी दिवसांनी! तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "शेठनं हात हलवला का?"

सरड्याची भीती गेली आणि घरमालकाची आली. घरात जनावर सापडलं तर खोली रिकामी करायची, अशी त्याची अटच होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! गॅलरीकडच्या खिडकीला बाईंनी जाडजूड पडदा लावला तो कायमचा. शेजारीण टोमणा मारायची, "अहो, जगाचे पडदे शिवता आणि स्वतःच्या घरात ही गुहा? खजिना पुरलाय की काय?" बाई हसण्यावारी न्यायच्या, पण पावलं वाजली की मशीन थांबवून श्वास रोखायच्या.

"उन्हाशिवाय यांची हाडं मऊ पडतात," डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि हा हिरवा पाला खाणारा जीव. दूध-अंडं याचं नव्हेच."

"पण हात हलवतो तो. मला बघून."

"ती थरथर आहे, बाई. दुखण्याची."

बाईंनी शेठच्या पायावरचं कापड सारखं केलं. "रोज हलवायचा. म्हणजे रोजच...?"

डॉक्टरीणबाईंनी औषधाची बाटली पुढे केली. "हे थेंब द्या, कोवळा पाला द्या. आणि सकाळचं ऊन. काचेतून नाही, उघड्या खिडकीत. वाचेलच, असं मी म्हणणार नाही."

घरी आल्यावर बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. गॅलरीतून कुणीतरी जात होतं. कापडातल्या जिवाकडे त्यांनी पाहिलं, पडदा दोन्ही हातांनी धरला आणि दांडीसकट खाली ओढला.

ऊन धपकन शिलाई मशीनवर पडलं. शेठला त्यांनी खिडकीत ठेवलं.

"अगं बाई! मगर पाळलीत की काय?" गॅलरीतून आलेली शेजारीण दोन पावलं मागे सरकली.

"मगर नाही. शेठ आहेत आमचे. आजारी आहेत."

"घरमालकांना कळलं तर?"

"कळेलच." बाईंचा आवाज कापत होता. "तुम्ही जरा बाजूला व्हा. सावली पडतेय त्यांच्यावर."

शेजारीण मुकाट्यानं सरकली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे वारा आणि मुलाचा आवाज. "आई, शेठनं हात हलवला का?"

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं.

"आजारी आहे रे तो. त्याला ऊन हवं होतं. तुला कळलं नाही, मलाही कळलं नाही."



"वाचेल ना, आई?"

शेठच्या बरगड्या वरखाली होत होत्या. होत होत्या ना? बाई खाली वाकल्या. हो, होत होत्या.

"आम्ही उन्हात बसलोय," त्या म्हणाल्या. "तू बोल. मी फोन त्याच्या कानाशी धरते."

एका हातात फोन होता, दुसऱ्या तळव्यावर शेठचा थंड पंजा. ऊन सरकलं तशा त्याही सरकल्या. गॅलरीतून जाणारे थबकून बघत होते, बघू देत. आज हलवू नकोस रे बाबा, त्या मनात म्हणत होत्या, आज नको हलवूस.

पंजा तळव्यावर अगदी स्वस्थ पडला होता.