गाडीच्या पोटात अडकलेला कानतुट्या

"महिपती, तूच बिघडवलीस माझी गाडी! दसऱ्यापास्नं वाजतीया, दसऱ्यापास्नं!"

"आन आबा, माझा पाना? त्यो बी दसऱ्यापास्नंच गायब हाय. तवा तुमच्याबिगर गॅरेजात आलंतं कोण?"

"म्हंजी मी चोर?"

"मी कुठं म्हणलो? तुमीच म्हणताय."

ऐकलंत मित्रांनो? उसाचा हंगाम सरला तरी ह्या दोघांचं भांडण काय सरंना. आन मी हितं, त्यांच्यापासनं हातभरावर, गाडीच्या पोटात पडून हाय. त्यो हरवलेला पाना मीच. गाडीत वाजतोय त्यो बी मीच! तोंड असतं तर दोघांच्या नावानं बोंब ठोकली असती. पण मी एक जुना लोखंडी पाना हाय. मला नुस्तं वाजता येतं.

माझा जन्म कुठं झाला ते मला ठावं न्हाय. लालभडक तापवून घणाखाली ठोकलं, एवढंच ध्यानात हाय. महिपतीच्या बापानं मला बारामतीच्या बाजारातनं आणला. म्हातारा कळसचा मेंढपाळ. पोराला मेंढरांमागं फिरायचं न्हवतं, गाड्या दुरुस्त करायच्या हुत्या. म्हणून त्यानं एक चांगला मेंढा दिऊन हत्यारांचा डबा घेतला. "मेंढरं न्हाय तर न्हाय, ही तरी नीट राख," एवढंच म्हणला.

महिपतीनं ते मनावर घेतलं. बारामतीत एसटीडी बूथाशेजारी गॅरेज टाकलं, पण हत्यारं मातूर मेंढरासारखीच राखली. बाप सांजच्याला कळप मोजायचा, तसा ह्यो दिवेलागणीला आमाला मोजून डब्यात घालायचा. परत्येकाला नाव. हातोडी म्हंजी बोकड, बारकी पकड म्हंजी कोकरू. माझ्या जबड्याचं एक टोक गंजक्या बोल्टाशी झटापट करताना उडालं, तवापास्नं मी कानतुट्या. नवीन चकचकीत पाने लई आले, पण हट्टी बोल्ट समोर आला की महिपती डब्यात हात घालून म्हणायचा, "कानतुट्या, चल रं!" छाती फुगायची माझी.

मग हरवलो कसा? दसऱ्याच्या आदल्या दिशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असती. महिपतीनं आमाला घासूनपुसून धुतलेल्या पोत्यावर मांडलं. तेवढ्यात आबाजी आपली जुनी गाडी घिऊन आला, संगं त्याची बायको भामाबाई. आबाजी बी कळसचाच. गावातलं आजारी माणूस, अडलेली बाई, सगळ्यांना इंदापूरच्या दवाखान्यात न्यायची ती हीच गाडी. भामाबाई म्हणली, "गाडीची बी पूजा करा की, भावजी." महिपती पाठमोरा बसून नारळ सोलाया लागला. हिकडं भामाबाईनं बॉनेट उघडलं, मला पोत्यावरनं उचलून इंजिनावर ठेवलं, मला आन इंजिनाला कुकू लावलं आन वर झेंडूची माळ घातली. माळंखाली मी कुणाला दिसणार? नारळ फुटला. "चला, उशीर झाला," करत आबाजीनं बॉनेट दाणकन आपटलं. झालं! पहिल्याच खड्ड्यात मी माळंसकट घसरलो आन इंजिनाखालच्या पत्र्यात जाऊन पडलो.

महिपतीनं सांजच्याला मोजलं असतं तर तवाच कळलं असतं. पण पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत न्हाईत. वर्सातली तेवढी एकच सांज बिनमोजणीची. मी नेमकी तीच गाठली!

मित्रांनो, कोंडून पडणं लई वंगाळ. वर तापलेलं इंजिन, खाली पत्रा, अंगावर तेलाची धार आन चिखल. एका फटीतनं रस्ता दिसायचा. लासुर्ण्याला उसाच्या बैलगाड्यांची चाकं, पळसदेवला मासळीवाल्या बायांची पावलं. सगळं जग पळतंय आन मी हितंच. डोकं फिरायचं माझं. खड्डा आला की जीव खाऊन आपटायचो. खण्ण! खण्ण! म्हंजी, 'मी हितं हाय!' आन वर आबाजी म्हणायचा, "इंजिन कामातनं गेलं वाटतं."

गॅरेजात गाडी उभी केली की मी गप. गाडी हलल्याबिगर मला हलता येत न्हाय, काय करू? महिपती लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला लावायचा आन दुसऱ्या टोकाला कान. टॅपेट बघितले, पट्टा बदलला, बेअरिंगवर संशय घेतला. त्याचा श्वास मला ऐकू यायचा, इतका जवळ! अरं, खाली बघ की बाबा! पण खाली काळा चिखल, आन मी बी काळा.

हळूहळू लोक गाडीत बसंनात. "ही वाटंतच सोडंल," म्हणायचे. म्हणून आज आबाजी तणतणत आलाय. "महिपती, शेवटचं सांगतो. कळसपतूर संगं चल. आवाज घावला तर ठीक, न्हायतर उद्या गाडी भंगारात. आन तुझंमाझं बोलणं बंद!"

भंगारात! म्हंजी मी बी परत भट्टीत?

निघालो. बाजाराला आलेली भामाबाई मागं बसली. पाना हरवल्याचं तिला आजच, ह्या भांडणातनं कळलं. पुढं दोघांची जुंपलेलीच. माळावरचा उतार आला. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची ही आबाजीची जुनी खोड.

"आबा, किती बारी सांगितलं, बंद करू नका!"

"माझी गाडी हाय!" म्हणत आबाजीनं चावी फिरवली.

इंजिन गप झालं. नुस्ता वारा. खड्डा आला. मी हुतं न्हवतं ते बळ लावून आपटलो. खण्ण!

परत खड्डा. खण्ण!

"आबा," महिपती हळूच म्हणला, "इंजिन बंद हाय न्हवं?"

"व्हय."

"मग वाजतंय काय?"

"अगं बया!" भामाबाई मागनं वरडली. "भावजी, खंडेनवमीला एक पाना मी इंजिनावर ठेवलेला. त्यो काढला कुणी?"

ब्रेक करकचला. आता महिपती गाडीखाली उताणा पडलाय. फटीतनं त्याचा डोळा दिसतोय. "कानतुट्या!" म्हणला आन हसाया लागला.

आबाजी बी शेजारी येऊन आडवा झाला. "हसतोस काय? पत्रा खोल की."

"कशानं खोलू? पत्र्याचा बोल्ट कानतुट्याच्याच मापाचा हाय, आबा!"

"म्हंजी मी चोर न्हाय."

"आन मी बी गाडी बिघडवली न्हाय."

"मग भांडायचं कुणाशी?"

"माझ्याशी भांडा," भामाबाई वरनं म्हणली, "पण आधी त्याला काढा. आन ही घ्या तार."

महिपती तारंचा आकडा करतोय, तवर सांगून घेतो. मित्रांनो, हत्याराला कुकू लावा, फुलं वाहा, पण झाकण लावायच्या आधी एकदा मोजा. आन कुठं काय वाजत असलं तर लगीच भंगारात घालू नका. आत कोणतरी हाक मारत असंल.

आली! तार आली. गळ्यातल्या माळंच्या सुकल्या दोऱ्यात आकडा गुतला.

"कानतुट्या, चल रं!"

बास आता. गॅरेजात हट्टी बोल्ट वाट बघतोय. मला जायाचंय.