दार लावून बघितलेली मुलगी

राहू गावच्या शिवारात सकाळी सातला शेवंतीची तोडणी चालू होती. हौसरावांच्या जुळ्या मुली, मोनाली आणि प्रांजल, एकाच सरीच्या दोन बाजूंनी पुढे सरकत होत्या. दोघी इतक्या सारख्या, की शाळेत एकीची शिक्षा दुसरीला व्हायची. दहावीच्या सुट्टीत मोनालीच्या ओठांच्या कडेला आणि बोटांवर कोड उठलं, आणि तेव्हापासून कुणाची ओळखण्यात चूक झाली नाही.

"आवरा गं," बांधावरून त्यांच्या आईनं, सिंधूबाईंनी हाक दिली. "अकराला कारेगावचे पाव्हणे प्रांजलला बघायला येत्यात. मोना, तू नऊच्या गाडीनं केडगावला मावशीकडं जा."

प्रांजलनं हातातली फुलं क्रेटमध्ये आपटली. "त्यांना सगळं माहितेय की आई! मी स्वतः ज्ञानेशला फोनवर सांगितलंय."

"म्हाईत असणं येगळं, आन् समोर बसणं येगळं."

मोनाली सरीतून बाहेर आली. तिची पिशवी आदल्या दिवशीच भरून तयार होती.

प्रांजलला वैताग आला होता तो समजावण्याचाच. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी किती नीट सांगितलं होतं! अशा हुबेहूब जुळ्या म्हणजे एकाच बीजाचे दोन भाग. कोड निव्वळ रक्तातून येत असतं, तर ते दोघींनाही यायला हवं. पण एकीला कोड असलेल्या अशा चार जोड्या बघितल्या, तर साधारण एकाच जोडीत ते दुसरीलाही उठतं. म्हणजे रक्तात थोडा कल असतो, बाकीचं कशानं घडतं ते अजून पुरतं कळलेलं नाही. शिवल्यानं मात्र ते होत नाही, हे नक्की.

स्थळ आणणाऱ्या मारुतमामांना तिनं हे सांगितलं, तर ते म्हणाले, "रगत एकच, म्हंजी तुला बी उठणारच." तिनं चार जोड्यांचं पुन्हा समजावलं. त्यावर मामा म्हणाले, "रगतातलं न्हाई म्हणतीस, मग शिवूनच हुतंय. तू जेवतीस तिच्या ताटात!" दोन्ही गोष्टी एकाच दमात, आणि दोन्हींत दोष पोरींचाच. अशा माणसापुढे कुणी किती डोकं फोडायचं?

अकराला मारुतमामांसोबत पाहुणे आले. नवरा मुलगा ज्ञानेश, त्याची आई तुळजाबाई आणि थोरली बहीण अनिता. चहा-पोहे झाले, ज्ञानेशनं दोन प्रश्न विचारले. मग तुळजाबाई उठल्या. "आमी बाया जरा आत पोरीशी बोलून घेतो," म्हणाल्या.

आत गेल्यावर दार सिंधूबाईंनीच लावलं. खिडकीचा पडदाही त्यांनीच ओढला.

"वाईट वाटून घिऊ नगं, पोरी," तुळजाबाई म्हणाल्या. "जुळी हायस म्हणून बघावं लागतंय."

प्रांजलनं आईकडे बघितलं. आईनं तिच्याकडे न बघता तिच्या पदराची पिन काढली. नको म्हणावं असं प्रांजलच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाहेर तिचे वडील, आप्पा, बसले होते, आधीची तीन स्थळं मोडली होती. तिनं हातातला पदर सोडला.

अनितानं मोबाइलची बॅटरी लावली. मान, पाठ, काखा, गुडघ्यांच्या मागे, बोटांच्या बेचक्या. मांडीवर लहानपणी भाजल्याचा डाग होता, त्याच्यावर दोघी मायलेकी बराच वेळ वाकल्या होत्या. प्रांजल फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या मोजत राहिली. पाच होत्या. तिनं त्या पुन्हा पुन्हा मोजल्या. शरमेपेक्षा तिला रागच जास्त आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

बाहेर येऊन तुळजाबाईंनी निकाल सांगितला. "पोरगी निर्मळ हाय. पसंत हाय आमाला. फकस्त एक. ती दुसरी लग्नात नगं. आन् फुडं बी तिचं येणं-जाणं नगं."

हौसरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चालंल," ते म्हणाले.

चालंल! पोटच्या पोरीला एका शब्दात घराबाहेर काढलं, आणि कपबशीसुद्धा खाली ठेवली नाही.

साडी सावरत प्रांजल दारात येऊन उभी राहिली होती. ती सरळ ज्ञानेशला म्हणाली, "डॉक्टरांचं सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं. पटतं म्हणाला होतात ना?"

ज्ञानेशनं हातातल्या फोनवरून नजर काढली नाही. "मला पटतंय ओ. पण आईला कोण समजावणार?"

"मग उठा."

"कुठं?"

"आतल्या खोलीत. आप्पा तुमचं अंग बघतील, मामा बॅटरी धरतील. आम्ही पण दार लावून घेतो."

"जिभंला हाड न्हाई हिच्या!" तुळजाबाई कडाडल्या. मामा मध्ये पडले, हौसराव हात जोडत गाडीपर्यंत धावले. पण गाडी गेली. परत येऊन ते प्रांजलवर ओरडले, "आता दोघी बी बसा जलमभर घरात!"

सिंधूबाई उंबऱ्यात बसून होत्या. "माझं अंग बी असंच बघितलं व्हतं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुझ्या आज्जीनं. मी कवाच कुणाला बोलले न्हाई."

"आणि तरी तू माझी पिन काढलीस?"

 सिंधूबाईंचं तोंड पार उतरलं.

तेवढ्यात फोन वाजला. मोनालीचा होता. प्रांजलनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"गेले का गं पाव्हणे?" मोनाली विचारत होती. "आता मी घरी आले तर चालंल का?"

हौसराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. स्वतःच्या घरी यायला पोरगी परवानगी मागत होती, आणि ती मागायची सवय तिला याच माणसांनी लावली होती.

सिंधूबाई उठल्या. त्यांनी फोन आपल्या हातात घेतला आणि "मोना" एवढीच हाक मारली.

"आई? ऐकतीयास ना? का अजून थोडं थांबू?"

"न्हाई, थांबू नगं," सिंधूबाई म्हणाल्या. "मी येते तुला आणायला. आन् हितून फुडं कुणीबी आलं, तरी तू हितंच बसायचं. माझ्या शेजारी."