मला गोड बोलता येत नाही

माझ्यासमोर बसून गाणं गोड लागेल, अशी आशा कोणी धरू नये. मित्रांनो, मी स्टुडिओतला एक जुना मॉनिटर स्पीकर आहे. घरातला स्पीकर गाणं सजवून ऐकवतो. मी जसं आहे तसं ऐकवतो. अॅम्प्लिफायर माझ्या पोटातच आहे, त्यामुळे मी कुणाच्या उसन्या जोरावर बोलत नाही. कारखान्यात मला घडवलं ते याच एका कामासाठी.

अमरावतीच्या दुकानात मी आणि माझा जोडीदार बरेच दिवस धूळ खात होतो. शेजारचे मोठे स्पीकर धमधम वाजायचे आणि विकले जायचे. एके दिवशी कहकशाँ आली. सोबत तिचे अब्बा रहमतुल्ला होते. ते लग्नकार्यात भोंगे लावायचे.

कहकशाँने स्वतः रेकॉर्ड केलेलं एक गाणं आणलं होतं. ती दुकानदाराला म्हणाली, "सगळ्यांचा आवाज सारखा ठेवा भाऊ. जो मोठ्यानं वाजते, तोच कानाले चांगला वाटते." मोठ्या स्पीकरवर गाणं झकास वाजलं. माझ्यावर वाजलं तेव्हा गाण्यामागे पंख्याची घरघर ऐकू आली.

"पंखा!" ती ओरडलीच. "इतके दिवस ऐकून राहिली मी हे, कधीच नाही समजला. अब्बा, हेच घ्यायचे."

"बेटी, ह्या डब्ब्यात दमच नाही," अब्बा म्हणाले.

"दम नाही पाह्यजे मले. खरं पाह्यजे."

मला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी माझ्या गुणासाठी निवडलं. इतवारा भागातल्या तिच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत तिने आम्हा दोघांना भिंतीपासून दूर, तिच्या कानांच्या उंचीवर ठेवलं. खोली लहान, म्हणून आम्हीही लहान. लग्नाची गाणी, कव्वाली, निवडणुकीच्या घोषणा, सगळं माझ्यातून गेलं. जिथे गायक चुकला तिथे मी चूक दाखवली. कित्येक जण माझ्यावर चिडले. मी बदललो नाही.

मग कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. वऱ्हाडात त्या वर्षी वेचणीच्या दिवसांत बाया रिकाम्या ओट्या घेऊन शेतातून परत येत होत्या. चांदूर रेल्वे शहराजवळच्या एका गावच्या सुभद्राबाईंनी त्यावर गाणं रचलं. चांदूरचे बियाण्यांचे व्यापारी भगवंतराव यांना आपल्या मेळाव्यासाठी बायांच्या गाण्यांची सीडी काढायची होती. त्यांनी न ऐकताच सुभद्राबाईंना कहकशाँकडे पाठवलं. त्या गायल्या:

"बोंड फुटलं नाही बाई, आत अळीचं घर,
कोनं देल्लं बियाणं? त्याचं नाव सांगा बरं!"

भगवंतराव ऐकायला आले आणि त्यांचा चेहरा उतरला. सुभद्राबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांच्याकडे न बघता ते म्हणाले, "गाणं राहू द्या. फक्त त्या दुसऱ्या ओळीवर ढोलकी वाढवा. शब्द बुडाले पाहिजेत."

त्या दिवसांत कहकशाँकडे दुसरं काम नव्हतं. तिने खाली मान घालून ढोलकी वाढवली. मित्रांनो, माझं सगळं अंग त्या ढोलकीने हादरत होतं, तरी तिच्याखालून मी सुभद्राबाईंचा शब्द न् शब्द बाहेर काढला.

"अजून ऐकू येते!" भगवंतराव चिडले. "हे डबडं बदला. मी माझे स्पीकर पाठवतो."

तेवढ्यात सुभद्राबाई उठल्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी कान लावला. "पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "माहा आवाज कावून दाबून राहिली व तू? म्या का खोटं बोलली?"

कहकशाँचा हात थांबला. तिने ढोलकी पार खाली आणली. "नाही मावशी," ती म्हणाली. "भगवंतराव, हे गाणं असंच राहील. तुम्ही दुसरीकडे करा."

"अमरावतीत काम भेटणार नाही तुले!" असं म्हणून त्यांनी जाता जाता माझी वायर ओढली. मी स्टँडवरून खाली कोसळलो. माझा कोपरा फुटला, समोरची जाळी चेपली. कहकशाँने मला उचलून परत वायर जोडली. मी त्याच ओळीपासून वाजलो.

गाणं तयार झालं, पण घेणारं कोणी नव्हतं. तेव्हा रहमतुल्लांनी आपले भोंगे जीपवर बांधले. चांदूर रेल्वेच्या आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांनी ते गाणं लावलं. मी तिथे नव्हतो, पण अब्बांनी घरी येऊन सगळं सांगितलं. "फाटक्या भोंग्यातून बी एकेक शब्द साफ होता, बेटी. बाया थांबल्या. मग भगवंतच्या दुकानासमोर उभ्या राहून सगळ्या तेच म्हनू लागल्या. कोणी दगड नाही उचलला. फक्त नाव विचारून राहिल्या होत्या." मग ते माझ्याकडे वळले आणि आपल्या रुमालाने त्यांनी माझी धूळ पुसली.

कहकशाँचं काम बरेच महिने बंद राहिलं, हेही खरं आहे. पुढे दूर डोंगरातल्या धारणीकडची माणसं आपली गाणी घेऊन आली, मग आणखी आली.

आता माझ्यातून थोडी खरखर येते. मित्रांनो, आमच्यासारख्यांवर चहाचे कप ठेवू नका, धूळ साचू देऊ नका, बिघडलो तर दुरुस्त करा. दुरुस्त होत नसलो तर खुशाल अडगळीत टाका. पण वाजतोय तोवर कोणाचा आवाज दाबायला मला सांगू नका. मी ऐकणार नाही.