खिळेमामांचे जंतू

सोफे मढवण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली खिळेमामा म्हणायची. कारण कामाला बसले की मूठभर बारीक खिळे थेट तोंडात. जिभेने एकेक पुढे आणायचा, चुंबकी हातोडीच्या टोकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. सत्तरी आली तरी बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आणि हिरड्या घट्ट. दातांच्या डॉक्टरकडे ते जन्मात एकदाच गेले होते, तेही त्याच्या खुर्चीचं रेक्झिन बदलायला.

त्यांची लेक प्रयोगशाळेत होती. तोंडातल्या चांगल्या जंतूंची चघळायची गोळी करायची, ती दुखऱ्या हिरड्यांच्या लोकांना द्यायची आणि वाईट जंतूंना तिथे जागाच उरू द्यायची नाही, असा तिचा खटाटोप दोन वर्षं चालला होता. सहज म्हणून तिने एकदा बापाच्या हिरडीवरून कापसाची काडी फिरवून नेली. काचेच्या बशीत जे वाढलं ते बघून ती उडालीच. बशीत मुद्दाम सोडलेल्या, हिरड्या सुजवणाऱ्या जंतूला बापाच्या जंतूने आसपास फिरकूही दिलं नव्हतं.

"बाबा, तुमचे जंतू गुणी निघाले," ती म्हणाली. "आता आमच्याकडे येऊन रीतसर नमुना द्यायचा. दोन दिवस आधीपासून गुळण्या बंद. आणि त्या दिवशी सकाळी दातसुद्धा घासायचे नाहीत."

झालं! खिळेमामांचे पाय जमिनीवर ठरेनात. कुणी फाटकी उशी घेऊन आलं, तरी आधी जंतूंची हकिगत ऐकल्याशिवाय सुटका नाही. "आमच्या जंतूंना बोलावणं आलंय," ते सांगायचे, जसं काही घरातल्या पोराला मोठी नोकरी लागली होती.

पण एक गोष्ट त्यांना काही केल्या पटेना. पारोशा तोंडाने लेकीच्या साहेबीणबाईंसमोर आ करायचा? लेकीची काय शोभा राहील? मळक्या हाताने त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावला नव्हता. तेव्हा त्यांनी गुपचूप जंतुनाशक गुळण्यांची जांभळी बाटली आणली, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गुळण्या केल्या आणि निघताना वर आणखी एक केली. घरच्या माणसाने नमुना घ्यायचा नाही असा नियम होता, म्हणून तोंडाला मास्क लावून बाईंनीच घेतला. गुळण्या केल्यात का, असं त्यांनी विचारलं. "छे हो, सगळं नियमाने," खिळेमामांनी ठोकून दिलं.

आठवड्याने लेक घरी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. "काहीच उगवलं नाही," म्हणाली. मग हात धुवायला बेसिनपाशी गेली आणि जरा जास्तच वेळ तिथे उभी राहिली. परत आल्यावर बापाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "होतं असं कधीकधी, बाबा."

दुसऱ्या दिवशी बायको दुकानात येऊन उभी राहिली. "बाई म्हणतात, या वेळी काहीच उगवलं नाही, म्हणजे पहिली बशी आपल्या पोरीनेच नासवली, बाहेरचा कुठला तरी जंतू पडला बशीत. महिनाअखेरीला पोरीचं काम बंद करणार आहेत."

"अगं, मग तिने सांगायचं ना की..." खिळेमामा तिथेच अडले.

"काय सांगणार? बेसिनवरची बाटली बघितली तिने. मला म्हणाली, आई, बाबांना काही बोलू नकोस. गल्लीभर सांगून बसलेत, त्यांची मान खाली जाईल."

खिळेमामांनी तोंडातले सगळे खिळे एकेक करून वाटीत काढले. एवढी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. आणि लाजेच्या आतून, अगदी नको त्या वेळी, अभिमानही वाटत होता. काय पोर आहे ही!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते प्रयोगशाळेत हजर झाले. लेक, बाई आणि चार कामाची माणसं समोर असताना म्हणाले, "बाई, बशी हिने नाही नासवली. मी गुळण्या केल्या, शेवटची तर इथे यायला निघताना, आणि वर तुमच्याशी खोटं बोललो."

"पण का?"

"लेकीच्या ऑफिसात घाणेरडं तोंड घेऊन कसा येऊ?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. "तीन आठवडे बाटलीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "तोवर हिचं काम चालू राहील."

तीन आठवड्यांनी खिळेमामा खरोखरच पारोशा तोंडाने घरातून निघाले. वाटेत कुणी हाक मारली तर तोंडावर रुमाल धरून नुसती मान हलवत होते. पुढच्या आठवड्यात बाईंनी बोलावून घेतलं आणि टेबलावर दोन बश्या शेजारी शेजारी ठेवल्या, पहिली आणि नवी. दोन्हींत तोच जंतू, त्याच्याभोवती तसंच स्वच्छ रिकामं कडं.

"तुझी पहिली बशी बरोबर होती," बाई लेकीला म्हणाल्या. "माझंच चुकलं." मग खिळेमामांकडे वळल्या. "गोळी व्हायला अजून बराच अवकाश आहे हं, आणि होईलच असंही नाही. झाली तरी तुमचं नाव कुठे येणार नाही. नुसता क्रमांक, चौदा."

"चौदा चालेल की. फक्त त्याच्यापुढे 'हिचे वडील' एवढं लिहा."

"नियमात बसत नाही हो."

लेक डोळे पुसत हसत होती. खिळेमामांनी तिच्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

"राहू द्या मग," ते म्हणाले. "ते मी गल्लीत सांगतो. आणि या वेळी जंतूंपासून सुरुवात करणार नाही."