बिनरंगाचा संत

माझ्या नवऱ्याला, हेन्सलीला, एकदा तरी संत निकोलस व्हायचं होतं. उभा जन्म त्याने संताच्या नोकराचं, पीटचं सोंग केलं. नोव्हेंबरात आमच्या बेटावर, विलेमस्टाडच्या धक्क्याला होडी लागते, पांढऱ्या दाढीचा संत उतरतो आणि मागून खाऊचं पोतं घेऊन पीट उड्या मारतो. पोरं नुसती खुळावतात. हेन्सली मुळातच तव्यासारखा काळा, तरी पीट व्हायचं म्हणून वर आणखी काळा रंग फासायचा! संत व्हायचे बँकेतले डच साहेब. ते आजारी पडले तर आपल्यातलाच कोणी, पण तोंडाला चुन्यासारखा पांढरा रंग थापून. संत म्हणजे गोरा, यात कुणाला कधी शंकाच आली नाही.

यंदा साहेब कायमचे हॉलंडला गेले आणि उत्सवाच्या समितीने हेन्सलीचं नाव घेतलं. स्वारी हवेत! मी लाल झगा शिवला, पांढऱ्या रंगाचा डबा आणला. हा आरशासमोर आशीर्वाद देत बसायचा.

"अहो संत महाराज, आधी कचरा टाकून या," मी म्हणायचे.

आणि ऐन वेळी समितीच्या मार्लूसबाई घरी आल्या. तिकडे हॉलंडमध्ये म्हणे फार वाद झाला होता. तोंड रंगवणं म्हणजे अपमान.

"यापुढे कुणाच्याच तोंडाला रंग नाही. तुमच्याच मानाचा प्रश्न आहे, हेन्सली."

"बरोबर आहे, बाई. मग मी असाच संत होतो."

बाई घुटमळल्या. "पण पोरं तुम्हाला मासळीबाजारात रोज बघतात. लगेच ओळखतील. बिचाऱ्यांची श्रद्धा मोडेल."

"मग पांढरा रंग लावू द्या."

"नियम म्हणजे नियम."

"म्हणजे लावला तर अपमान, नाही लावला तर पंचाईत. मग करू काय, कात टाकू?"

तोडगा बाईंनीच काढला. त्यांच्या कचेरीत हॉलंडहून यास्पर नावाचा शिकाऊ पोरगा आला होता. तो जन्माचाच गोरा, संत व्हायला त्याला रंग नको. आणि पीट व्हायला हेन्सलीलाही नको.

"घाल तो नियम चुलीत! जाऊ नकोस," मी ओरडले.

"पोरं वाट बघतायत गं. खाऊ कोण वाटणार?"

गेला.

होडी लागली. यास्पर उन्हाने टोमॅटोसारखा लाल झालेला. पोरं बावरून आमच्या पापियामेंतू बोलीत मागणी मागत होती, त्याला ओ की ठो कळेना. हेन्सली शेजारी वाकून एकेक मागणी त्याला डचमधून सांगत होता. मार्लूसबाईंचे डोळे भरून आले. "किती छान दिसतंय! एकाच्याही तोंडाला रंग नाही."

तेवढ्यात आमची नात निशाइरा गर्दीतून पुढे घुसली आणि मैत्रिणींना ओरडून म्हणाली, "बघा, बघा! माझा आजोबा! रंग न लावताच पीट झालाय!"

काय तो अभिमान तिच्या आवाजात! सगळा धक्का हसला. हेन्सलीही हसला, दोन्ही मुठी भरून त्याने तिच्या ओंजळीत खाऊ ओतला. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया दाटून आली, की भर गर्दीत मला हुंदका फुटला.