नवऱ्याचा कोट

वसंतात नवरा घर सोडून गेला, तेव्हा शिंपिणीने त्याच्यासाठी बेतलेला कोट अर्धाच शिवून झाला होता. तो अजून दुकानातल्या पुतळ्यावर लटकत होता. पानगळ सुरू झाली तरी तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र विटका स्वेटरच होता.

“नुसती जळतेस आतल्या आत,” म्हणत थोरल्या बहिणीने तिला योगवर्गाला ओढत नेलं.

“डोळे मिटा, श्वास सोडा,” योगशिक्षिका म्हणाली.

शिंपिणीला सोडता येईना. कापड कापताना ती श्वास रोखून धरी; तीच सवय हाडीमाशी खिळली होती.

“सोडा की! झाडं बघा, किती शांतपणे पानं सोडतात.”

शिंपिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “झाडाचा नवरा नाही पळाला, बाई!”

“अगं, हळू! लाज आणलीस,” बहीण कुजबुजली.

पण त्या ओरडण्यात छातीतला सगळा श्वास बाहेर पडला होता.

ती तडक दुकानात गेली. कोट उसवला, आपल्या मापाच्या खडूच्या रेघा मारल्या आणि मुद्दाम श्वास सोडत कात्री चालवली. कात्री सरळ गेली. राग होता तसाच होता. पण यंदाच्या थंडीत ती कुडकुडणार नव्हती.