छकुलीने पाहिलेला धोबी

सप्टेंबर लागला की बेडशातल्या आमच्या घरात दोनच विषय. भात पोटरीला कधी येतंय हा सासूबाईंचा, आणि करडा धोबी कधी येतोय हा आमचा. धोबी म्हणजे हिमालयाकडून थंडीपुरता येणारा चिमणीएवढा पाहुणा. पाठ राखी, पोट पिवळं, शेपूट सारखी खाली-वर. मावळातल्या पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर त्याची पहिली नोंद दर वर्षी माझी असते. माझ्या नवऱ्याची, गौरवची, एकदाही नाही.

यंदा मात्र छकुली झाली आणि दुर्बीण फळीवर गेली. रविवारी सकाळी कॅमेरा खांद्याला लावून गौरव पवना धरणाकडे निघाला, तो उंबऱ्यातच थांबला.

"यंदा धोबी माझा. पायल, तू आपली दुपटी वाळत घाल."

"जावा, जावा!" मी हसले खरी, पण मनात वाटलं, झालं, आता आपण नुसती आईच.

सासूबाई विहारात वंदनेला गेल्या होत्या. मी न्हाणीत पाटावर बसले, पाय लांब केले, तेल लावलेली छकुली पायांवर पालथी घातली. न्हाणीचं पाणी मागच्या उघड्या बाजूनं परड्यातल्या अळवात जातं. पहिला तांब्या ओतला आणि अळवापाशी दगडावर तो उतरला. पिवळाधमक! शेपूट हलवत ओल्यातले किडे टिपू लागला.

फोन आत पलंगावर. उठावं तर बाळ निसटणार, हाक मारावी तर पाखरू उडणार. एरवी अंघोळीला आळी गोळा करणारी छकुली मान वर करून त्या शेपटीकडे बघत राहिली. हूं नाही की चूं नाही. मग तो भुर्रकन गेला, आणि तिनं भोकाड पसरलं.

दुपारी गौरव आला, नाक भाजून.

"दिसला?"

"न्हाई. नुसते बगळे."

"इथं दिसला. न्हाणीमागं."

"थोरला धोबी असंल, काळा-पांढरा. तो बारमाही हितलाच."

"पोट पिवळं होतं."

"छकुलीची हळद लागली असंल."

"अहो!"

"बरं, फोटो? न्हाई. मग दुसरं कुणी पाहिलं?"

फोटो नाहीतर दोघांनी पाहिलेलं, तरच नोंद. हा नियम माझाच. गौरवच्याच एका थापेवरून केलेला.

"छकुलीनं पाहिलं," मी म्हटलं.

"मग घे तिची जबानी!"

तेवढ्यात सासूबाई आल्या. "येवढ्या धरनावर न्हाई, आन आमच्या अळवात? सूनबाईला झोप न्हाई, पिवळं दिसाय लागलंय."

आता मात्र मला चेव आला. मी गौरवकडं वळले. "मग उद्या अंघोळ तुम्ही घाला. तुमच्या पायांवर. बघा येतो का."

"ह्यो?" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "ह्याला कपबशी धरता येत न्हाई!"

पण धोब्यासाठी माणूस काय करणार नाही! सोमवारी गौरवची कामावर दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाटावर बसला. मी छकुली त्याच्या पायांवर ठेवली, फळीवरची दुर्बीण गळ्यात घातली आणि थेट भाताच्या बांधावर गेले. एकटी. किती दिवसांनी! खास काही दिसलं नाही, पण डोळे मात्र धुऊन निघाले.

परत आले तर छकुली दुपट्यात गुंडाळलेली, तिचा बाप नखशिखांत भिजलेला, आणि कॅमेरा खुंटीवर कोरडा ठणठणीत.

"आला होता?"

तो जरा घुटमळला. "आलता. पार पायापाशी. पिवळाधमक."

"फोटो?"

"दोन्ही हातांनी हिला धरलेली, फोटो कशानं काढू?"

"मग दुसरं कुणी पाहिलं?"

त्यानं छकुलीकडं पाहिलं. ती मूठ चोखत होती.

"हिनं," तो पुटपुटला.

"घ्या जबानी!"

सासूबाई खो खो हसत सुटल्या. गौरवनं फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं: करडा धोबी, बेडसे, रविवार. पाहणारे, पायल आणि छकुली. मग हळूच विचारलं, "माझं नाव खाली घालू का?"

"घाला की, सोमवारचं," मी म्हटलं. "आणि अंघोळ रोज घालत जा. अजून लय पाहुणे यायचेत."